फोटोतली फुलं कुठायत?

मार्च अर्ध्यावर आला की शुगर लँडहून पुणे, सातारा, नाशिककडे निळे फोटो जायला लागतात. गणपती आटोपले की तिकडून इकडे गुलाबी-जांभळे फोटो यायला लागतात. आपले ब्लूबॉनेट, त्यांचं कास. दोन्हीकडच्या कौटुंबिक ग्रुपवर प्रतिक्रियाही ठरलेल्या: चार बदाम, दोन नमस्कार, आणि कुणीतरी काका किंवा आत्या विचारतातच, "हे खरं आहे का रे, की कम्प्युटरवर रंगवलंय?"

प्रश्न रास्त आहे. फुलांच्या रानाचा फोटो हा हल्ली सगळ्यात जास्त रंगवला जाणारा फोटो असावा. सूर्यास्ताचा नंबर त्याच्या खालोखाल. फोनमध्ये एक पट्टी उजवीकडे सरकवली की माळरान पेटल्यासारखं दिसतं, आणि पाठवणाऱ्यालाही ते खरंच वाटायला लागतं, कारण आठवणीतला रंग नेहमी डोळ्यांनी पाहिलेल्या रंगापेक्षा गडद असतो. गवत आठवतं ते प्रत्यक्षापेक्षा हिरवं, आकाश आठवतं ते प्रत्यक्षापेक्षा निळं. त्यामुळे फोटो 'आठवतो तसा' करायला बसलं की तो हमखास भडक होतो.

नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी थोडी माहिती. ब्लूबॉनेट हे टेक्ससचं राज्यफूल. १९०१ साली विधिमंडळाने ते ठरवलं तेव्हा कापसाचं बोंड आणि निवडुंगाचं फूल हेही स्पर्धेत होते. निवडलेली जात होती ल्युपिनस सबकार्नोसस. पण जास्त देखणी आणि जास्त निळी ती टेक्सेन्सिस, असं म्हणणाऱ्यांनी तब्बल ७० वर्षं हा वाद चालू ठेवला. अखेर १९७१ साली राज्यातल्या सगळ्याच ल्युपिन जातींना राज्यफूल म्हणून मान्यता मिळाली. कुठला निळा खरा, हा प्रश्न इथे फोनच्या आधीपासूनचा आहे! हायवेच्या कडेला दिसतात ती सगळीच फुलं आपोआप उगवलेली नसतात. राज्याचं वाहतूक खातं १९३०च्या दशकापासून रानफुलं जपतं, दरवर्षी सुमारे ३०,००० पौंड बिया पेरतं आणि बी धरेपर्यंत गवत कापणं लांबवतं. लेडी बर्ड जॉन्सन यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. ऑस्टिनचं रानफुलांचं केंद्र त्यांनी १९८२ साली अभिनेत्री हेलन हेज यांच्या साथीने सुरू केलं.

आपल्याकडून जायचा सोपा रस्ता म्हणजे रोझेनबर्गहून ३६ नंबर धरायचा. वॉलिस, सीली, बेलव्हिल करत सव्वा-दीड तासात ब्रेनहम. पुढे चॅपल हिल किंवा इंडिपेन्डन्स. नेमका हाच काळ पाडव्याचा, त्यामुळे आपल्या मुलींचे परकर-पोलक्यातले आणि मुलांचे कुडत्यातले फोटो या निळ्या रानात निघतात. बसण्यापूर्वी खाली लाल मुंग्यांचं वारूळ नाही ना, हे बघायचं. आणि झाडं चिरडायची नाहीत, कारण यंदा बी धरलं नाही तर पुढच्या वर्षी तिथे फूल नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. परिचयातल्या एका घरी सासूबाई भारतातून आल्या होत्या. गुडघ्यांची तक्रार, लांबचा प्रवास, पुन्हा येणं होईल की नाही ठाऊक नाही. पण सुनेने दोन वर्षं पाठवलेले निळे फोटो बघून त्यांनी हट्टाने मार्चमधलंच तिकीट काढायला लावलं. ब्रेनहमच्या अलीकडे गाडी थांबवली. छान फुललं होतं, अगदी चांगल्या वर्षासारखं. त्या काठी टेकत कुंपणापर्यंत गेल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हो का? आणि फोटोतली फुलं कुठायत?"

समोर खरी फुलं होती आणि ती कमी पडली. भडक फोटोचं माझ्या लेखी खरं नुकसान हे आहे. कला-बिला नंतरची बाब. ज्या माणसाला आयुष्यात एकच मार्च मिळणार आहे, त्याचा तो मार्च आपण आधीच खर्च करून टाकतो.

पण मग फोटोला हातच लावायचा नाही का? असं म्हणणारे बरेच भेटतात: "आम्ही काही एडिट करत नाही, जसा आला तसा." जसा येतो तसा फोटो मुळात नसतोच. सेन्सरवर पडतो तो प्रकाश. त्याचा रंग काय, सावली किती उजळायची, हिरवा किती हिरवा, हे सगळं फोन एका क्षणात परस्पर ठरवतो. काही फोन तर समोर फुलं आहेत हे ओळखून रंग आपणहून चढवतात. म्हणजे एडिट झालेलं असतंच, फक्त ते करणारा सातासमुद्रापारचा कुणी इंजिनिअर असतो आणि त्याने ते रान पाहिलेलं नसतं. तुम्ही तिथे उभे होता. त्यामुळे दुरुस्तीचा हक्क तुमचा जास्त आहे, आणि जबाबदारीही.

निळ्या-जांभळ्या फुलांच्या बाबतीत कॅमेरा चुकतोही जास्त. ब्लूबॉनेटचा रंग शुद्ध निळा नाही. त्यात जांभळ्याची छटा आहे, साधारण गोकर्णीच्या फुलाच्या जवळ जाणारी. कॅमेऱ्याला ही छटा नीट पेलत नाही. कधी तो तिला सरळ जांभळं करतो, कधी प्लॅस्टिकच्या बादलीसारखं निळं. उन्हात एक, ढगाखाली दुसरं, सावलीत तिसरंच. म्हणून फोटोत असं काहीतरी शोधायचं की ज्याचा रंग आपल्याला नक्की माहीत आहे.

ब्लूबॉनेटमध्ये ती सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. तुऱ्याच्या शेंड्याला न उमललेल्या कळ्यांचं पांढुरकं टोक असतं. शिवाय ताज्या फुलाच्या उभ्या पाकळीवर पांढरा ठिपका असतो. फूल जुनं झालं की तो ठिपका किरमिजी होतो. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे ती पांढऱ्या ठिपक्याच्या ताज्या फुलांकडेच वळते. आपल्या कामाची गोष्ट अशी की फोटो मोठा करून बघितल्यावर ही टोकं पांढरी आहेत का, आणि पांढरे-किरमिजी ठिपके वेगवेगळे ओळखू येतात का, एवढं पाहिलं तरी पुरतं. टोकं निळी पडली असतील तर व्हाइट बॅलन्स बिघडलाय. ठिपके निळ्यात बुडून गेले असतील तर रंग जास्त झालाय. मधमाशीला जे दिसतं ते निदान आपल्या फोटोत शिल्लक राहावं!

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. बहुतेक जण थेट सॅच्युरेशनला हात घालतात. ते शेवटचं काम. शक्य असेल तर फोटो रॉ फाइलमध्ये काढावा, हल्ली बऱ्याच फोनमध्येही ती सोय असते. मग आधी एक्स्पोजर, म्हणजे उजेड. टेक्ससच्या दुपारी आकाश आणि फुलांचे शेंडे जळून पांढरेफटक होतात, म्हणून फोटो काढतानाच तो किंचित अंधारा ठेवलेला बरा. त्यानंतर व्हाइट बॅलन्स, वर सांगितलेल्या पांढऱ्या टोकांवरून. मग हायलाइट्स थोडे खाली. इथपर्यंत आलात की निम्म्या फोटोंना पुढे काही करावंच लागत नाही. अजून फिका वाटला तर व्हायब्रन्स दहा-पंधरापर्यंत. सॅच्युरेशन सगळे रंग एका मापाने चढवतं, व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त आणि आधीच गडद असलेल्यांना कमी चढवतं, म्हणून ते जरा सभ्य.

हिस्टोग्राम दाखवणारं ॲप असेल तर तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे बघा. ब्लूबॉनेटच्या बरोबरीने जे शेंदरी इंडियन पेंटब्रश फुलतं, त्यात लाल आलेख सगळ्यात आधी उजव्या भिंतीला धडकतो. एकदा धडकला की पाकळीतल्या शिरा, घड्या, कडा सगळं जातं आणि फुलाच्या जागी शेंदराचा ठिपका उरतो. डिहेझ नावाच्या पट्टीपासूनही सावध राहावं. ती धुकं काढते, पण जाता जाता निळ्याचा पार काळोख करते. सकाळचं धुकं हवंय म्हणूनच तर पहाटे साडेपाचला घर सोडलं होतं ना?

माझ्या हाताशी असलेली सगळ्यात उपयोगी युक्ती उलटी आहे. निळा उठून दिसायला हवा असेल तर निळ्याला हात लावू नका, हिरवा आणि पिवळा थोडा उतरवा. मार्चमधल्या गवतात पिवळा भरपूर असतो आणि फोन त्याचा पोपटी करून ठेवतो. तो खाली आला की निळा आपोआप पुढे येतो. नथ उठून दिसावी म्हणून कुणी ती मोठी करत नाही, बाकीचे दागिने कमी घालतात, तसंच हे.

निळा चढवला तर आणखी एक गोष्ट होते. आकाशही निळंच असतं, त्यामुळे फुलांसोबत तेही चढतं आणि वर ऑइल पेंट मारल्यासारखं दिसतं. कुणाचा फोटो रंगवलेला आहे का, हे ओळखायचं असेल तर फुलांकडे बघूच नका, आकाशाकडे बघा, नाहीतर डांबरी रस्त्याकडे. रस्ता निळसर दिसला की समजावं. मुलांचे फोटो असतील तर हनुवटीच्या खालचा भाग बघा. गवतावरून परतलेल्या प्रकाशाने तिथे हिरवट झाक येते, आणि व्हायब्रन्स चढवला की मूल आजारी दिसतं. चेहरा वेगळा निवडून तेवढी झाक काढणं यात काहीच लबाडी नाही. डोळ्यांना तिथे ती जाणवलेलीच नसते.

आता लबाडीचं म्हणाल तर सगळ्यात मोठी लबाडी रंगात नसतेच. ती लेन्समध्ये असते. फुलांच्या उंचीला कॅमेरा नेऊन लांबच्या लेन्सने फोटो काढला की मागची-पुढची फुलं एकमेकांना चिकटतात, मधली मोकळी माती नाहीशी होते आणि विरळ माळाचा गालिचा होतो. एकही पट्टी सरकवलेली नसते! सासूबाईंना न सापडलेली फुलं बहुधा अशीच हरवली होती. त्या उभ्या होत्या आणि पाच फुटांवरून बघत होत्या, फोटो बसून काढलेला होता. असा फोटो काढू नये असं मी म्हणणार नाही, मीही काढतो. पण घरच्यांना पाठवताना त्याच्यासोबत एक उभ्याने, साध्या लेन्सने काढलेला फोटो पाठवावा, ज्यात माती, तारेचं कुंपण आणि आपली गाडी दिसते. हा दुसरा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही. पण ज्यांना तिकीट काढायचंय त्यांच्या उपयोगाचा तोच.

कासचंही हेच आहे. साताऱ्यापासून २५ किलोमीटरवरचं हे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली समाविष्ट झालं. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती तिथे आहेत. पण फोटो येतात ते दोन-तीन रंगांचे: तेरड्याचा गुलाबी-जांभळा, सोनकीचा पिवळा. तेही असे की क्षितिजापर्यंत फुलांशिवाय काही नाही. कासचं खरं रूप मात्र कातळाचं. जांभ्याचा सडा, त्यावर बोटभर माती, साचलेलं पाणी, शेवाळ, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढी सीतेची आसवं. ही कीटकभक्षी वनस्पती गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही. फोटो चढवला की आधी जांभ्याचा तो काळसर तांबूस रंग विटकरी होतो आणि ढगांची राखाडी जांभळट होते. मग बघणारा शनिवार-रविवार गाठून गालिचा शोधत येतो, तो सापडला नाही की दोरीपलीकडे जाऊन अजून दाट जागा शोधतो आणि पायाखाली सीतेची आसवं तुडवतो. गर्दीमुळे तिथे प्रवेश शुल्क, ऑनलाइन नोंदणी हे सगळं आणावं लागलं. त्या गर्दीचा सगळा दोष फोटोंचा नव्हे, पण काही वाटा त्यांचा नक्की आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण ज्या भाषेत आहे त्या भाषेतल्या लोकांना फुलं रोज सारखी नसतात हे खरंतर सांगायला नको.

ढगाळ हवेचा फोटो ढगाळच राहू द्यावा, हे मला एका चित्रकाराकडून पटलं. सॅन अँटोनियोचे ज्युलियन ओंडरडोंक (१८८२ ते १९२२) हे ब्लूबॉनेटचे चित्रकार म्हणून ओळखले जातात. त्यांच्या चित्रांत भर दुपारचं रखरखीत ऊन त्या मानाने कमी; पहाट, उतरती दुपार, दमट धुरकट उजेड जास्त. पुढची चार झुडपं स्पष्ट निळी, त्यामागची जांभळट, त्याहून मागची राखाडीत विरघळलेली. सगळा निळा एकसारखा लावला असता तर रानाची खोलीच गेली असती. फोनमधली पट्टी नेमकं तेच करते: शंभर फुटांवरचा निळा आणि पायाशी असलेला निळा एका पातळीवर आणून ठेवते.

संध्याकाळच्या फोटोंत मात्र थोडी मोकळीक घ्यावी लागते, आणि त्याला कारण आहे. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यांना लाल रंग लवकर काळवंडलेला दिसतो आणि निळा उजळ वाटतो. पर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. दिवेलागणीला ब्लूबॉनेटचं रान आतून उजळल्यासारखं दिसतं आणि शेजारचे पेंटब्रश विझत जातात, ते यामुळे. कॅमेऱ्याला हे होत नाही. अशा वेळी निळा किंचित उजळ करणं, लाल थोडा उतरवणं हे खऱ्याच्या जवळ जाणं आहे. नैसर्गिक म्हणजे न छेडलेलं, असं समीकरण म्हणूनच टिकत नाही.

उलटही होतं. एखादा फोटो शंभर टक्के खरा असतो आणि बघणारे म्हणतात खोटा. टेक्सस ए अँड एमच्या उद्यानतज्ज्ञांनी निवड करत करत किरमिजी ब्लूबॉनेट तयार केले, 'ॲलमो फायर' नावाने त्यांचं बी मिळतं. ए अँड एमचा रंगही तोच, त्यामुळे इथल्या दोन विद्यापीठांच्या चाहत्यांत त्यावरून चेष्टा-मस्करी चालते. असं झाड दिसलं तर खाली एक ओळ लिहावी, "रंग खरा आहे." नाहीतर काका-आत्या आहेतच.

खोडरबराबद्दलही एकदा बोलायला हवं. हल्ली बोट फिरवलं की विजेच्या तारा, मागची गाडी, दुसऱ्या कुटुंबाचं मूल सगळं गायब होतं आणि त्या जागी एआय नवी फुलं उगवून देतं. तार काढली तर माझी तक्रार नाही. नवी फुलं उगवली की तो त्या जागेचा फोटो राहत नाही, शुभेच्छापत्र होतं. शुभेच्छापत्र म्हणून खुशाल पाठवा.

दोन कोरड्या पण कामाच्या गोष्टी. आपल्यापैकी बरेच जण मुलं झोपल्यावर रात्री फोटो घेऊन बसतात, तेव्हा फोनचा नाइट शिफ्ट चालू असतो. स्क्रीन पिवळी, म्हणून फोटो पिवळट वाटतो, म्हणून तो निळा केला जातो, आणि सकाळी बघावं तर बर्फाळ. ते बंद करा, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी उजेडात एकदा बघूनच पाठवा. दुसरी गोष्ट छपाईची, या अंकासाठी फोटो देणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं अशी. स्क्रीनवरचा निळा हा प्रकाशाचा असतो, कागदावरचा निळा सायन आणि मॅजेंटा या दोन शाया मिसळून होतो, आणि स्क्रीनवरचे बरेच निळे शाईच्या आवाक्याबाहेर असतात. दोन्ही शाया जवळजवळ सारख्या पडल्या की निळ्याचा जांभळा होतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवायचा, हा छापखान्यातला जुना ठोकताळा. जितका चढवलेला फोटो, तितकी घसरण मोठी. म्हणून संपादकांना मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको.

राहता राहिले जुने अल्बम. इथे तीस-पस्तीस वर्षं झालेल्या घरांत फिल्मवर काढलेले ब्लूबॉनेटचे फोटो आहेत, आणि त्यांतली फुलं बरेचदा गुलाबीकडे झुकलेली दिसतात. थोडा भाग कागदावरचे रंग उडाल्याचा. पण फिल्मचीही एक जुनी खोड होती. काही निळी फुलं डोळ्याला जेमतेम जाणवणारा गडद लाल प्रकाशही परत फेकतात, आणि फिल्मचा लाल थर तो टिपायचा. अजेरॅटम या बागेतल्या फुलावरून फोटोग्राफर त्याला अजेरॅटम परिणाम म्हणायचे. असे फोटो स्कॅन करून 'ऑटो' दाबलं की फुलं निळी होतात, पण मुलीचं पांढरं पोलकंही निळं होतं. तेव्हा आधी पोलकं पांढरं करून घ्यावं, मग फक्त फुलांच्या जागा निवडून तिथला जांभळा निळ्याकडे थोडा वळवावा, पूर्ण नाही. आणि मूळ स्कॅन तसाच वेगळा ठेवावा. परकर-पोलक्यातली ती मुलगी आता स्वतःच्या मुलीला घेऊन ३६ नंबरने ब्रेनहमला जाते, आणि तिला ते रान गुलाबीच आठवतं.